जुन्या गाडीला कोणतं ऑइल? आधी धूर कधी निघतो ते बघा

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

वडिलांनी १९९७ साली घेतलेली मारुती ८०० आता मी चालवते. अमळनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घर ते शाळा सहा किलोमीटर, आणि महिन्यातून एखाद वेळी धरणगावमार्गे जळगावची फेरी. सकाळी गाडी सुरू केली की निळसर धूर येतो, मिनिटभरात थांबतो. हजार किलोमीटरला साधारण पाव लिटर ऑइल कमी होतं. मे महिन्यात जळगावहून परत आल्यावर गाडी दारात नुसती चालू उभी होती, तेव्हा ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. गॅरेजवाले म्हणतात, “ताई, जाड ऑइल टाका, धूर बंद व्हई जाई.” पुण्याचा मामेभाऊ सांगतो, फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० टाक. स्पेअर पार्टच्या दुकानात धूर थांबवणारी बाटली दाखवतात. आणि माझा भाऊ ट्रॅक्टरच्या डब्यातलं ऑइल सरळ ओततो, म्हणतो सगळं एकच. गाडी विकायची नाही. मी नेमकं काय टाकू?
– एक वाचक, ता. अमळनेर

ताई, नमस्कार.

आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. तुमच्या गाडीला १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० ग्रेडचं, कारसाठीचं, पेट्रोल इंजिनचं साधं मिनरल (खनिज तेलापासूनचं) ऑइल टाका. डब्यावर एपीआय (ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन पेट्रोलियम संस्था) एसएल किंवा त्यापुढची अक्षरं, म्हणजे एसएम, एसएन, एसपी, असावीत. दर सहा महिन्यांनी ते बदला आणि प्रत्येक वेळी फिल्टरही बदला. दर आठवड्याला ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढून पातळी बघा. जाड ऑइलच्या मागे सध्या लागू नका. बाटलीवर आणि सिंथेटिकवर जे पैसे जाणार होते ते व्हॉल्व्ह सीलसाठी बाजूला ठेवा, कारण तुमच्या पत्रातल्या खुणा मला तिकडेच नेतात.

जुनी गाडी ऑइल खायला लागली की आपल्याकडे पहिला विचार ‘जाड टाकू’ हाच होतो. गॅरेजवाल्याचा त्यात वाईट हेतू नसतो. जाड ऑइल टाकल्यावर काही दिवस आवाज दबतो, धूर थोडा कमी दिसतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण झिजलेला भाग झिजलेलाच राहतो. म्हणून ऑइलचा ग्रेड ठरवण्याआधी इंजिनात काय झिजलंय ते कळलं पाहिजे, आणि ते धूरच सांगतो, फक्त तो कधी निघतो तिकडे लक्ष द्यावं लागतं.

तुमचा धूर सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सुरू करताना येतो आणि मिनिटभरात थांबतो. इंजिनच्या वरच्या भागात, हेडमध्ये, व्हॉल्व्हच्या दांडीभोवती एक छोटं रबरी सील बसवलेलं असतं. वर जमलेलं ऑइल दांडीवरून खाली सिलिंडरकडे ओघळू नये एवढंच त्याचं काम. वर्षानुवर्षं उष्णता सोसून हे रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात. मग रात्रभरात थेंब थेंब ऑइल खाली उतरतं आणि सकाळी पहिल्या मिनिटात जळून जातं. ते जळालं की धूर संपला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या गाडीत हे सील कडक होणं अगदी स्वाभाविक आहे.

पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले असते तर चित्र वेगळं असतं. गाडी तापल्यावरही, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की, चढावर, चार माणसं बसल्यावर, मागे निळा धूर निघत राहिला असता. हे पडताळून बघा. एखाद्या मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चांगली पळवा, मग पाय पूर्ण काढा, गाडी स्वतःच हळू होऊ द्या, आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबा. मागून दुसऱ्या गाडीतल्या माणसाला बघायला सांगा. पुन्हा दाबल्या क्षणी एकच निळा लोट आला आणि विरला, तर सील किंवा व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी). दाबून धरल्यावर सतत धूर राहिला, तर रिंगा. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना हे फार स्पष्ट दिसतं, कारण तिथे पाय बराच वेळ अ‍ॅक्सिलरेटरवरून उठलेला असतो. आणखी एक खूण घरीच बघता येते. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सावकाश उघडा. आतून भक्‌भक्‌ करत धुराचे झोत यायला लागले तर रिंगांमधून दाब खाली चेंबरकडे (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिकडे) निसटतोय. साधा हलका वाफारा आला तर काळजी नको.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी पांढरी वाफ दिसते तिला धूर समजू नका. धुळे-अमळनेर पट्ट्यात थंडीत पारा एक आकडी होतो, तेव्हा सायलेन्सरमधल्या पाण्याची वाफ दिसणारच. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर मात्र हेड गास्केट (हेड आणि सिलिंडरच्या मधली पट्टी) बघावं लागतं. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जातंय, म्हणजे कार्बोरेटरचं काम. त्याचा ऑइलशी संबंध नाही.

खात्री करायची असेल तर गॅरेजमध्ये तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, मोजायला सांगा. इंजिन तापवून, सगळे प्लग काढून, एकेक सिलिंडर. तिन्ही आकडे चांगले आणि जवळजवळ सारखे आले तर रिंगा ठीक आहेत. एखादा बराच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. अर्ध्या तासाचं काम आहे. ते केल्याशिवाय कुणी ‘इंजिनचं काम काढावं लागेल’ म्हणालं तर हो म्हणू नका.

आता जाडीचं. डब्यावरच्या दोन आकड्यांपैकी ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला. २०डब्ल्यू ऑइलची परीक्षा उणे १५ अंशाला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. त्या थंडीतही इंजिन फिरवता येईल इतकं ते पातळ राहतं का, एवढंच तो आकडा सांगतो. काश्मीर-लडाखमध्ये गाडी ठेवणाऱ्याला तो महत्त्वाचा आहे. खान्देशात २०डब्ल्यूलाही अडचण येत नाही, १५डब्ल्यू घेतलं तर सकाळी ते जरा लवकर वर चढतं, म्हणून निवड असेल तर मी १५डब्ल्यू घेईन. दुसरा आकडा १०० अंश तापमानाला ऑइल किती दाट आहे त्याचा. मोजमापात सांगायचं तर ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९.

इथे बऱ्याच जणांचा एक समज असतो की जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून ऑइल जाड हवं. इंजिनातलं ऑइल बारमाही ९० ते ११० अंशांच्या आसपासच काम करतं. बाहेर ३० असो की ४५, थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा मिळून इंजिनचं तापमान बरंचसं धरून ठेवतात. उन्हाळ्याचा फटका बसतो तो रेडिएटर क्षाराने चोंदला असेल, पंखा वेळेवर लागत नसेल, किंवा थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असेल तेव्हा. आपल्या भागात बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये भरायची सवय आहे, आणि त्याने आतून पांढरा थर बसतो. ताई, तुमच्या वडिलांनाही हे सांगा: रेडिएटरमध्ये तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंट, नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. ऑइलच्या जाडीपेक्षा हे कितीतरी जास्त उपयोगाचं आहे.

आणि जाडीची किंमत मोजावी लागते. सकाळी इंजिन सुरू होताना ऑइल १०० अंशांवर नसतं, २०-२५ अंशांवर असतं, आणि त्या वेळी ते तापलेल्या अवस्थेपेक्षा वीसपटीच्या आसपास दाट असतं. थंडीतल्या काकवीसारखं ते हळूहळू सरकतं. चेंबरमधून पंपाने उचलायचं, फिल्टरमधून, बेअरिंगमधून, मग वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत न्यायचं, या प्रवासाला लागणारे सेकंद म्हणजे धातूवर धातू घासण्याचे सेकंद. इंजिनची झीज मोठ्या प्रमाणात याच सुरुवातीच्या काळात होते. तुमची गाडी रोज दोनदा थंड सुरू होते आणि सहा किलोमीटरवर बंद होते. तिला जाड ऑइल म्हणजे रोज दोनदा जास्तीची झीज, आणि वर पेट्रोलही थोडं जास्त.

२०डब्ल्यू-५० वाईट आहे असं मी म्हणत नाही. गरम हवामानासाठी ते पूर्वीपासून चालत आलंय. माझं म्हणणं इतकंच की ते औषध म्हणून घेऊ नये, मोजमाप करून घ्यावं. ते कधी, हे लाल दिव्याच्या गोष्टीत येतं.

लाल दिवा ऑइलच्या पातळीचा नसतो, दाबाचा असतो, आणि दाब फारच खाली गेला तरच तो पेटतो. म्हणून तो लुकलुकला की ‘बघू नंतर’ म्हणू नका. गाडी चालताना दिवा लागला तर तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा. त्या अवस्थेत दोन किलोमीटर रेटलेली गाडी बेअरिंग जाळून घेते. तुमच्या बाबतीत लांबचा प्रवास, मे महिना आणि गाडी मंद चालू असताना दिवा लुकलुकणं, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. या वेळी ऑइल सगळ्यात पातळ असतं आणि पंप सगळ्यात हळू फिरत असतो, म्हणून दाब सगळ्यात कमी असतो.

तपासाचा क्रम असा ठेवा. त्या दिवशी पातळी किती होती? पाव लिटर कमी होत होत ती खालच्या खुणेच्याही खाली गेली असेल तर कारण तिथेच सापडलं. पातळी ठीक असेल तर दिव्याचा स्विच आणि त्याची वायर बघा. हा स्विच इंजिनला बाहेरून बसवलेला छोटासा भाग आहे, जुना झाला की ऑइल गळतो आणि खोटा दिवाही दाखवतो, स्वस्तात मिळतो. तेही ठीक असेल तर मेकॅनिकला स्विचच्या जागी दाबाचं गेज लावून, गाडी पूर्ण तापवून, प्रत्यक्ष दाब मोजायला सांगा. मोजून दाब सीमेवर आला, आणि कॉम्प्रेशन चांगलं असेल, तर एप्रिलपासून पावसाळा लागेपर्यंत २०डब्ल्यू-५० वापरायला माझी हरकत नाही. मोजल्यावर दाब खूपच कमी आला तर ते बेअरिंगचं किंवा पंपाचं काम आहे, किंवा चेंबरमधल्या जाळीत गाळ अडकलाय. तिथे जाड ऑइल टाकलं तर दिवा विझेल आणि आजार आत चालू राहील. जाळी चोंदलेली असेल तर जाड ऑइल तिच्यातून आणखी कमी जाईल.

याच्याही पुढे जाऊन काही जण इंजिनात ‘९० नंबर’ गिअर ऑइल ओततात. विकायला काढलेल्या गाडीचा आवाज दाबायला हा प्रकार होतो. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. ९० चं गिअर ऑइल १०० अंशांवर ४० किंवा ५० च्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. म्हणजे दुप्पट जाड तर ते नाहीच, उलट त्यात काजळी धुऊन सांभाळणारी द्रव्यं नसतात आणि इंजिनच्या बेअरिंगला न मानवणारी गंधकाची द्रव्यं असतात. इंजिनमध्ये ते कधीही नको.

आता तुमच्या भावाचं ट्रॅक्टरचं ऑइल. शेतकऱ्याच्या घरात ऑइलचा मोठा डबा असतोच आणि वेळेला हात तिकडे जातो, हे मी समजू शकतो. एकदा-दोनदा थोडं टाकलं म्हणून इंजिन बसत नाही, आणि रस्त्यात पातळी खाली गेली असताना काहीच न टाकण्यापेक्षा ते टाकणं बरं. पण ‘सगळं एकच’ हे खरं नाही. एपीआयच्या अक्षरात ‘एस’ने सुरू होणारी जोडी पेट्रोल इंजिनची आणि ‘सी’ने सुरू होणारी, म्हणजे सीएफ-४, सीएच-४, सीआय-४, ही डिझेलची. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी आणि आम्ल आवरायला धातुयुक्त द्रव्यं जास्त असतात, आणि ती जळाली की राख उरते. तुमचं इंजिन आधीच ऑइल जाळतंय. त्यात हे ऑइल जळालं की ती राख प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते, मग प्लग वारंवार खराब होतात, इंजिन ठोकायला लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ट्रॅक्टरच्या गिअर-हायड्रॉलिकचं, ऑइल-ब्रेकवाल्या ट्रॅक्टरचं जे वेगळं ऑइल येतं, ते इंजिन ऑइल नाहीच. तो डबा गाडीजवळ येऊ देऊ नका. डब्यांवर रंगाने मोठं लिहून ठेवा, शेडमधल्या अंधारात गफलत व्हायला वेळ लागत नाही.

दुकानात नुसतं ‘२०डब्ल्यू-४० द्या’ म्हणालात तर बहुतेक वेळा मोटरसायकलचा डबा हातात येईल, कारण आपल्याकडे तोच सर्वांत जास्त खपतो. डब्यावर ‘४टी’ किंवा ‘जासो एमए’ असेल तर तो बाइकचा, ऑइलमध्येच बुडालेल्या क्लचसाठी बनवलेला. कारचा मागून घ्या. सर्वो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ यांतल्या कोणत्याही कंपनीचं योग्य ग्रेडचं असेल तर कंपनीवरून वाद घालू नका. पेट्रोल पंपावर सर्वो किंवा मॅक मिळतं, आणि खेड्यात राहणाऱ्याला भेसळीपासून वाचायचा तो बऱ्यापैकी खात्रीचा मार्ग आहे. कुठूनही घ्या, झाकणाचं सील, बॅच नंबर आणि तारीख बघा, पक्कं बिल घ्या. ऑइल ओतून झालं की रिकामा डबा भोसकून टाका. चांगल्या स्थितीतले रिकामे डबे भंगारातून परत भरले जातात. सुटं, मापाने मिळणारं ऑइल तर घेऊच नका.

धूर थांबवणाऱ्या बाटलीत बहुतेक वेळा ऑइल घट्ट करणारं पॉलिमर असतं. म्हणजे पुन्हा जाडीचाच उपाय, जास्त पैशात. पॉलिमर घासून तुटलं की गाडी मूळ पदावर. तुमच्या कडक झालेल्या सीलला त्याचा उपयोग नाही.

तुमच्या मामेभावाचा सल्ला नव्या गाडीला अगदी बरोबर आहे, आणि सिंथेटिकने जुन्या गाडीची सील गळतात ही भीतीही आता जुनी झाली. आजचं सिंथेटिक रबराला चालतं. जुन्या इंजिनात गाळानेच बुजलेली एखादी फट ते धुऊन मोकळी करतं आणि गळती दिसायला लागते, त्यातून तो समज टिकून आहे. माझा आक्षेप ५डब्ल्यू-३० मधल्या ३० ला आहे. तुमच्या इंजिनात झिजेमुळे फटी वाढल्या असणार, गरम असताना दाबाचा दिवा आधीच लुकलुकलाय, आणि पातळ ऑइल त्या सीलमधून जास्तच ओघळेल. शिवाय जे ऑइल थोडं जळून जाणार आणि सहा महिन्यांत बदलायचंच आहे, त्यात सिंथेटिकचे पैसे घालण्यात मला हशील दिसत नाही. सील बदलल्यावर इंजिन कोरडं राहिलं तर १०डब्ल्यू-४० सेमी-सिंथेटिक खुशाल वापरा.

सहा महिने मी मुद्दाम म्हणतोय. तुम्ही वर्षभरात जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर चालवत असाल, म्हणून मेकॅनिक म्हणेल ‘अजून झाले कुठे?’ पण सहा किलोमीटरमध्ये ऑइल पुरेसं तापतच नाही. थंड इंजिनात चोक लावल्यावर जास्तीचं पेट्रोल भिंतींवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं, जळण्यातून झालेलं पाणीही मिसळतं, आणि ते उडून जायला लागणारी उष्णता मिळत नाही. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पिवळट-पांढरा, लोण्यासारखा थर दिसला तर ते हेच. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे थोड्या अंतराच्या गाडीला ऑइल वेळेवर बदलणं अधिकच गरजेचं झालंय. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग गाडी चालवा. अमळनेरहून पारोळ्याला जाऊन आलात तरी पुरे. (जुन्या गाडीच्या पेट्रोल लाइनचे रबरी पाइपही याच इथेनॉलमुळे फुगतात, चिरतात. ते एकदा तपासून घ्या, कारण तिथली गळती आगीचा धोका आहे.)

पट्टी बघायची रीत: गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, पट्टी काढून पुसायची, पूर्ण आत घालून पुन्हा काढायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जरा खाली असावं. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. जास्त भरलेलं ऑइल क्रँकच्या फटक्याने फेसाळतं, आणि फेसात हवा असते, ती बेअरिंगला सांभाळू शकत नाही. तुमच्या गाडीला तीन लिटरचा डबा पुरतो, पण तो संपवायचाच असं नाही, थोडं थोडं ओतून पट्टी बघत जा. ऑइल बदलताना इंजिन कोमट असावं म्हणजे गाळ सोबत निघतो. नवा फिल्टर बसवताना त्याच्या रबराला बोटाने ऑइल लावा आणि हातानेच आवळा, पान्याने पिळू नका. ‘फ्लशिंग’ (द्रव घालून इंजिन आतून धुणं) करून देतो म्हणाले तर नको म्हणा. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटला तर तो त्याच जाळीत जाऊन बसतो. पहिले दोन बदल तीन-तीन महिन्यांनी केलेत तर चांगलं ऑइलच हळूहळू आत धुऊन काढेल.

आणि एअर फिल्टर! आपल्याकडे कापसाचे दिवस, वखरणी, गाडीरस्त्यांचा फुफाटा. काळ्या मातीची ती बारीक धूळ इंजिनात शिरली की ऑइलमध्ये मिसळून रिंगा आणि बोअर घासत राहते. फाटका किंवा नीट न बसलेला एअर फिल्टर कितीही महागड्या ऑइलला निकामी करतो. दर महिन्याला काढून झटका, आणि दिवाळीनंतर एकदा बदलाच.

या निमित्ताने ज्यांच्याकडे दुसऱ्या जुन्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी थोडं. पद्मिनी आणि जुन्या अँबेसेडरच्या इंजिनात कॅम सरळ टॅपेटवर (व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागावर) घासतो. तिथे ऑइलमधलं झिंक-फॉस्फरसचं द्रव्य झीज थांबवतं. धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो म्हणून नव्या ऑइलमध्ये त्यावर मर्यादा घातली गेली. एसएम आणि एसएनमध्ये ती ०.०८ टक्के आहे, पण ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडनाच. म्हणून या गाड्यांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० च ठेवावं. कमांडर, सुमो, जुनी डिझेल इंडिका यांना १५डब्ल्यू-४० सीआय-४ उत्तम. डिझेलमध्ये ते काही दिवसांतच काळं पडतं, ते काळं पडणं म्हणजे ऑइल काजळी धरून ठेवतंय, त्याला घाबरू नका. गॅसवर चालणाऱ्या ओम्नी आणि ८०० मध्ये उलटं होतं: ऑइल स्वच्छ दिसत राहतं पण उष्णतेने आतून घट्ट होत जातं. तिथे रंगावर विसंबून बदल पुढे ढकलू नका.

काढलेलं जळकं ऑइल दारं-चौकटींना वाळवीसाठी लावायची आपल्याकडे पद्धत आहे. घरात, गोठ्यात किंवा विहिरीजवळ ते नकोच. त्यात कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात आणि सरकारी नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं. जुन्या डब्यात भरून गॅरेजला परत द्या, बदलताना हातमोजे घाला.

तर ताई, क्रम असा: आधी पातळी आणि दिव्याचा स्विच, मग कॉम्प्रेशन, मग ऑइल-फिल्टर. गाडीत एक वही ठेवा, किती किलोमीटरला किती ऑइल भरलं ते लिहा. हजार किलोमीटरला पाव लिटर म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, भरत राहिलात तरी गाडी चालेल. अर्ध्या लिटरवर गेलं की सील बदला, एक लिटरवर गेलं की इंजिन उघडायची वेळ आली असं धरा. सील बदलणं म्हणजे पूर्ण इंजिनचं काम नव्हे, आणि कुशल माणूस हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरूनही ते करतो. सील उष्णता सोसणाऱ्या चांगल्या रबराची घ्या, स्वस्तातली पुन्हा दोन उन्हाळ्यांत कडक होतात. त्या कामासाठी वरचा भाग उघडाच असेल, तेव्हा टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला ते वडिलांना विचारा. त्यांना साल आठवत नसेल तर तोही त्याच वेळी बदलून घ्या.